काय येतं तुला

साखर पेठेच्या मागच्या बोळात, गाजूल यांच्या कारखान्यात,
सुताच्या धुरळ्यात एक जुना लॅपटॉप,
झाकणाची बिजागरी दोऱ्यानं बांधलेली.
त्यात नवी सिस्टिम घालायला मला बोलावलं,
कारण जुनी सिस्टिम नव्या प्रिंटरला ओळखत नाही
आणि चादरीवरचा मोर कागदावर उतरत नाही.

पेनड्राइव्ह लावला. बटण दाबलं.

असले प्रोसेसर उठतात तेव्हा
आधी आपल्या खापरपणज्याच्या काळात उठतात.
कितीही ताकदीचा असो, पहिल्या क्षणी
सोळा बिटांचाच हिशेब,
एक मेगाबाइटच्या अंगणापलीकडे दिसत नाही.
त्या पोरवयातच त्याला उंबऱ्यावर अडवून
कर्नल विचारतो : कोण तू? कुठल्या घरचा?
काय काय येतं तुला?
आणि तो एका रजिस्टरात
शून्य, एक, शून्य, एक असं उत्तर देतो.
फुशारकी नाही.
गिरणीच्या फाटकात जॉबरनं विचारल्यावर
"चार माग? सहा चालवतो की!" म्हणणारे माझे वडील
त्या रजिस्टरात मावलेच नसते.

पडद्यावर दोन ओळी आल्या :
पीएई नाही.
हा कर्नल इथं चालणार नाही.
मग काहीच नाही.

गाजूल म्हणाले, "भंगारात घालू?"
मी म्हटलं, थांबा.

हा प्रोसेसर मला माहीत आहे. पेन्टियम एम, पहिल्या खेपेचा.
याला ते येतं.
चार जीबीच्या पलीकडची घरं मोजायची रीत
याच्या सिलिकॉनात कोरलेली आहे.
फक्त सांगायच्या रकान्यात,
शून्यापासून मोजत गेलं तर सहाव्या जागी,
बनवणाऱ्यांनी शून्य सोडलं.
का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही.

कोपऱ्यात राजव्वा चिप्पा कांड्या भरत होत्या.
मागच्या उन्हाळ्यात कामगारांचे फॉर्म मीच भरले,
याच लॅपटॉपवर.
'कौशल्य' असा रकाना होता.
राजव्वा, काय येतं तुम्हाला?
"मला काय येतंय बे. कांड्या भरते."
मी टाइप केलं : मदतनीस.
त्याच आठवड्यात तीन नंबरच्या मागावर
जकार्डच्या माळेतलं एक कार्ड चुकलं.
मास्टर दोन तास भोकं तपासत बसला.
राजव्वांनी बशीतला चहा संपवला, म्हणाल्या,
"मघापासनं एक खट उणा वाजतोय.
मोराच्या मानेत बघा."
मानेतच होता.
फॉर्म तर गेला होता.

परत बटण दाबलं. सुरू व्हायच्या ओळीच्या शेवटी
एक शब्द लिहिला : फोर्सपीएई.
म्हणजे, तो नाही म्हणतोय तरी घे.
कर्नलनं ऐकलं, पण ऐकताना
आपल्याच वहीत आपल्या नावापुढं एक डाग लावून घेतला :
याच्या कागदावर नसलेलं मी याच्याकडून करून घेतोय,
पुढं काही बिघडलं तर आधी हा डाग बघा.
मला तो डाग आवडला.
राजव्वांच्या फॉर्मवर तो कुठं लावता आला असता,
शोधत बसलो थोडा वेळ.

मग ओळींमागून ओळी, फणीतून ताणा सुटावा तशा.
पंखा घरघरला.
तासाभरानं मोर पडद्यावर, मानेसकट.

राजव्वा डोळे बारीक करून जवळ आल्या.
"काय विचारलालतं ते त्याला?"
मी सांगितलं.
"आन् येत असून नाही म्हणला?"
हो.
"खुळा हाय बे," म्हणाल्या,
पदरानं पडद्यावरचं सूत पुसलं
आणि रिकाम्या कांड्यांची टोपली
पायानं पुढं ओढली.